टोकियोत मैत्रिणीकडे १२ दिवस, पण रोज घरची पोळीभाजी नको! कसं सांगू आणि काय खाऊ?

मेथीलाडू:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही दोघं टोकियोला चाललोय. माझी कॉलेजची मैत्रीण तिथे निशी-कासाईत राहते, तिच्याकडेच उतरणार आहोत. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता अडचण अशी की मैत्रीण भयंकर प्रेमळ आहे. रोज फोन करून विचारते पहिल्या दिवशी छोले करू की राजमा, दुसऱ्या दिवशी इडली चालेल ना, त्यांच्या इथे इंडियन दुकानं भरपूर आहेत म्हणे सगळं मिळतं. अगं पण मी एवढा सात-आठ तास विमानात बसून छोले खायला येतेय का?? हे तिला कसं सांगायचं ते कळत नाहीये.

दुसरी भानगड नवऱ्याची. तो मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. मी सगळं खाते (ऑक्टोपसचं अजून ठरलं नाहीये). सगळे सांगतात जपानमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात, बॅगभर थेपले ने. खरंच इतकं वाईट आहे का? आणि मला ती रील्समधली पन्नास ठिकाणं टिकमार्क करत पळायचं नाहीये, शहर जरा शहरासारखं बघायचंय, लोक कुठे खातात कसे राहतात वगैरे. मधे दोन दिवस क्योतो आहे. जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वेचा पास) घ्यावा का तेही सांगा.

तोझाईचा प्रवासी:
निशी-कासाई म्हणजे आमच्याच तोझाई मेट्रो लाईनवर आलात की! ११ वर्षं झाली मला इथे.

आधी पासचं उरकतो. घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये किमती वाढल्या, ७ दिवसांचा साधा पास तेव्हा ५०,००० येन झाला, आणि टोकियो-क्योतो शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन एका बाजूने साधारण १४,००० पडते, म्हणजे जाऊन येऊन २८ हजारांत काम होतं. जाताना उजवीकडची ई सीट घ्या, हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. शहरात फिरायला सुइका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड), बास.

आता मुद्द्याचं, म्हणजे दाशी. मांस आणि मासा टाळणं एकवेळ जमतं कारण ते डोळ्याला दिसतं, दाशी दिसत नाही. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी म्हणा, कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरी दिलेला बोनिटो मासा, याचा अर्क. मिसो सूप, सोबाचं म्हणजे बकव्हीटच्या नूडल्सचं सार, भाजी शिजवलेली असेल तर त्यात, अंड्याच्या गोडसर ऑम्लेटमध्ये, सगळीकडे तो असतो. त्यामुळे "व्हेजिटेरियन" म्हणून सांगितलंत तर समोरचा मनापासून हो म्हणेल आणि माशाच्या पाण्यात शिजवलेला भोपळा आणून ठेवेल, आणि त्याच्या दृष्टीने त्यात काही खोटं नाहीये. इथे शेकडो वर्षं चार पायांचे प्राणी खाणं निषिद्ध मानायचे, १८७२ मध्ये सम्राट मेइजीने बीफ खाल्लं ही त्या काळी जाहीर बातमी झाली होती, पण मासा त्या बंदीत कधी नव्हताच. म्हणून "निकु" म्हणजे मांस नको म्हटलं की मासा आपोआप वगळला जात नाही.

तर नवऱ्याने निघण्याआधीच स्वतःशी ठरवावं की दाशी चालेल की नाही. चालत असेल तर अर्धं टोकियो उघडं आहे. चालत नसेल तर फोनवर जपानीत लिहून ठेवा, मांस नको, मासा नको, माशाची दाशीही नको, अंडं चालेल, आणि ऑर्डर करायच्या आधी दाखवा. काही ठिकाणी "जमणार नाही" म्हणून हात जोडतील. वाईट वाटून घेऊ नका, सार आधीच करून ठेवलेलं असतं, त्यातून मासा काढणार कसा.

काय मिळेल तर एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, लोणची, भाजलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, शिशितो मिरच्या भाजून, थंडगार टोफू (याच्यावर कात्सुओबुशी भुरभुरून आणतात, आधीच नको सांगा). कोनबिनीतून (कोपऱ्याकोपऱ्यावरचं छोटं दुकान) उमेबोशीचा म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा किंवा नुसत्या मिठाचा ओनिगिरी आणि एग सँडविच, ते एग सँडविच तर मी घरी असलो तरी खाली जाऊन आणतो. लेबलवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करा. पुडिंग-जेलीत जिलेटीन निघतं बरेचदा. टोकियो स्टेशनात तिकिटाच्या गेटच्या आत टीझ् तानतान नावाचं पूर्ण व्हीगन रामेन आहे, क्योतोला निघताना तिथेच जेवा म्हणजे त्याचीही रामेनची हौस फिटेल.

आळशी मुंगी:
दाशीचं एवढं काय घेऊन बसलात. परदेशात गेल्यावर पाण्यात काय होतं ते विचारू नये. आम्ही विचारलं नाही, मस्त जेवलो.

तोझाईचा प्रवासी:
@आळशी मुंगी तुम्ही विचारलं नाहीत हा तुमचा निर्णय झाला, तसा त्यांचाही असू दे की. माझ्याकडे एक पाहुणे आले होते, चार दिवस आनंदाने सोबा खाल्ला आणि पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, मग त्यांचा आधीच्या चार दिवसांचाही आनंद गेला. त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

काकडीमाकी:
आयडी बघूनच ओळखलं असेल, मी तो शाकाहारी ज्याचे हाल झाले 😂 पण खरं सांगू का, हाल वगैरे काही नाही. मित्राकडे गेलो होतो ओसाकाला, पहिल्याच संध्याकाळी फिरत्या पट्ट्याच्या सुशीला घेऊन गेला, म्हटलं मी काय खाणार तिथे. समोर टचस्क्रीन असते, फोटो बघून दाबायचं आणि बशी पट्ट्यावरून सुळ्ळकन तुमच्यासमोर येऊन थांबते. काकडीची कप्पा-माकी (माकी म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात), नात्तो-माकी (नात्तो म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, वास सहन झाला तर पुढचं सोपं आहे), कॉर्न मेयो, वांग्याची निघाली एक. मी १४ बशा संपवल्या, त्यातल्या ९ काकडीच्या. मित्राच्या पोरीने बशांचा मनोरा रचून फोटो काढला तो अजून फिरतोय. इनारी म्हणजे गोडसर टोफूच्या पिशवीतला भात, तो मी खाल्ला आणि नंतर कळलं की ती पिशवी दाशीत उकळतात, असो.

तर तिथे टेबलाला एक काळं बटण आणि छोटा नळ असतो. मला वाटलं वा, हात धुवायची सोय जागेवरच, काय देश आहे! हात खाली धरून बटण दाबलं, उकळतं पाणी!! तो चहाचा नळ असतो, डब्यातली हिरवी पावडर कपात घालायची आणि त्या नळाचं पाणी घ्यायचं. शेजारच्या टेबलावरच्या आजी लगबगीने उठून बर्फ मागून आल्या, एक शब्द कळत नव्हता दोघांना एकमेकांचा पण पाच मिनिटं माझा हात धरून बसल्या होत्या.

ओसाकाला गेलात तर कुशिकात्सुच्या म्हणजे काडीला लावून तळलेल्या तुकड्यांच्या ठिकाणी सॉसच्या सामायिक भांड्यात काडी एकदाच बुडवायची, खाल्लेली परत बुडवायची नाही, पाट्या लावलेल्या असतात. आणि सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. मित्र म्हणाला यावरून बाहेरचा माणूस ओळखू येतो, मी म्हटलं माझ्याकडे बघून तसंही येतोच.

मेथीलाडू:
काकडीमाकी, ऑफिसात बसून हसतेय मी 😂 तोझाई, फारच उपयोगी, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो दाशी "पाहिलं नाही तर चालेल", म्हणजे नक्की काय ते त्यालाच माहीत.

पण मैत्रिणीला कसं सांगू ते कुणीच सांगितलं नाही! तिने पोळ्या लाटून फ्रीझरला टाकायला घेतल्यात.

जुनी छत्री:
मी सांगते, कारण मी त्या मैत्रिणीच्या जागी होते, सहा वर्षं टोकियोत. दरवर्षी दोन-तीन कुटुंबं तरी यायची आपल्याकडची. मी सेन्सोजी देऊळ इतक्या वेळा दाखवलंय की तिथल्या कबुतरांना मी ओळखीची असेन. आणि पोळ्या का करायची माहितीये का, एकदा एक काका आले होते, दुसऱ्या दिवशी रस्त्यातच म्हणाले आता मला वरणभात मिळाला नाही तर मी चक्कर येऊन पडेन. त्यानंतर मी जो कुणी येईल त्याच्यासाठी आधीच करून ठेवायला लागले. तुमच्या मैत्रिणीलाही कुणीतरी असंच घाबरवलेलं असणार.

तिला "बाहेर खाऊ या" असं मोघम सांगू नका, त्यातून तिला वाटेल हिला माझं जेवण नको. तिला विचारा तू शनिवारी नवऱ्याबरोबर कुठे जातेस, ऑफिसातून उशीर झाला की काय खाऊन येतेस, तिथे आम्हाला ने. मला हे आयुष्यात एकाच पाहुणीने विचारलं आणि मी तिला घेऊन गेले ते स्टेशनच्या पुलाखालच्या उभ्याने खायच्या सोबाच्या टपरीवर, मशीनमध्ये नाणी टाकून कूपन काढायचं, काउंटरवर ठेवायचं, वाटी समोर येते, फुर्र फुर्र आवाज करत खायचं आणि सात मिनिटांत बाहेर. ती पाहुणी म्हणाली हेच बघायचं होतं. मला इतकं बरं वाटलं, कारण ते माझं ठिकाण होतं, गाईडबुकातलं नव्हतं.

आणि तुम्ही निशी-कासाईत आहात तर मोन्जाला जाच! तोझाई लाईनने मोन्झेन-नाकाचोला उतरायचं, तिथून ओएदो लाईनने एक स्टेशन, त्सुकिशिमा. अख्खी गल्ली मोन्जायाकीची. टेबलातच तवा असतो, कोबी वगैरेचं आळं करून मधे पातळ पीठ ओततात, आणि दिसायला ते तव्यावर पिठलं सांडल्यासारखं दिसतं, उगाच कशाला खोटं बोलू. पण चिमुकल्या उलथन्याने खालची खरपूस पापडी खरवडून खायची, बोलत बोलत, तासभर. आपल्याला खरवड आवडते ना, मग हे आवडणारच. मोची-चीजचं मागा, मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोळा. त्यात मेन्ताइको नको सांगा, ती माशाची अंडी. पिठात दाशी असतेच, म्हणजे "पाहिलं नाही तर चालेल"वाल्यांना चालेल 😄

अजून एक, संध्याकाळी साडेसात-आठला मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा, देपाचिका म्हणतात. खाण्याचा असा बाजार मी कुठे पाहिला नाही. बंद व्हायच्या आधी माणसं स्टिकर घेऊन फिरायला लागतात, २०% कमी, ३०% कमी, मग हानगाकु म्हणजे अर्धी किंमत. आणि त्या स्टिकरवाल्याच्या मागे इतकी टापटीप सुटाबुटातली माणसं अगदी सहज चाललोय असं दाखवत फिरत असतात की बास. ते सामान घेऊन घरी या आणि मैत्रिणीच्या ताटात वाढा. तिलाही एक दिवस सुट्टी.

मेथीलाडू:
छत्रीताई, कबुतरं!! 😂 आत्ताच मेसेज केला तिला, तू एकटी असलीस की कुठे खातेस म्हणून. एक मिनिटात सात ठिकाणं आली, फोटोंसकट. मला वाटतं पोळ्या तिलाही कंटाळवाण्या झाल्या होत्या.

अजून दोन बारीक प्रश्न. इझाकायात म्हणजे दारूबरोबर खाणं मिळतं तशा ठिकाणी बसलो तर शाकाहारी आणि दारू न पिणाऱ्याला चालतं का? आणि ते सार्वजनिक स्नानगृह, नवऱ्याला धीर होत नाहीये पण कुतूहल आहे.

तोझाईचा प्रवासी:
इझाकाया चालतं, ऊलाँग चहा मागवा, कुणी काही म्हणत नाही. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते, ओतोशी, ती फुकट नसते, माणशी ३००-५०० येन बिलात लागतात, म्हणून भांडू नका, ते बसायचं भाडं समजा. टिप ठेवू नका, पैसे विसरलात म्हणून धावत आणून देतील. आपला ग्लास आपण भरत नाहीत, शेजारच्याचा भरायचा, तो तुमचा भरतो. चॉपस्टिक भातात उभी खोचायची नाही आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही, दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी आहेत, एवढ्या दोन सांभाळल्या तर बाकी माफ.

मात्र शेवटच्या गाडीचं भान ठेवा. बाराच्या सुमारास सगळं बंद होतं आणि पहिली गाडी पाचच्या आसपास. शिंजुकूसारख्या स्टेशनला २०० च्या वर एक्झिट आहेत, मी स्वतः पहिल्या वर्षी चुकीच्या बाजूला बाहेर पडून शेवटची गाडी घालवलीये आणि पहाटेपर्यंत कराओकेच्या खोलीत एकटा झोपलोय. झोप लागली नाही कारण शेजारच्या खोलीत कुणीतरी एकच गाणं रात्रभर घोकत होता.

सेन्तोला म्हणजे त्या सार्वजनिक स्नानगृहाला जाच. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने पूर्ण स्वच्छ आंघोळ, मगच टाकीत उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात. कपडे अजिबात नसतात, बायकांचं पुरुषांचं वेगळं असतं. पहिली दोन मिनिटं लाज वाटते, नंतर कळतं की आपल्याकडे कुणी बघतच नाहीये, सगळे आपापल्या गुडघ्यांच्या दुखण्यात आहेत.

आळशी मुंगी:
मघाशी फटकळ लिहिलं, आता भर घालतो. शिंजुकूला नाकामुराया म्हणून जुनी पेढी आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांपासून लपून जपानला आले तेव्हा त्या पेढीच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे मालकांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. जपानी लोक तोवर जी करी खात होते ती इंग्रजांकडून आलेली पिठाळ करी, बोसबाबूंनी ही आमची नव्हे म्हणून सांगितलं आणि १९२७ पासून नाकामुरायात भारतीय पद्धतीची करी मिळायला लागली. अजून मिळते. चिकनची आहे, मेथीलाडूंनी खावी, नवऱ्याने गोष्ट ऐकावी.

आणि असाकुसात सेन्सोजीपासून चालत जाण्यासारखं मात्सुचियामा शोदेन आहे, तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, जपानला पोचलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. मोदकाऐवजी नैवेद्य कशाचा, तर पांढऱ्या मुळ्याचा! देवळातच मुळा विकत मिळतो, तो वाहायचा, भिंतींवर दिव्यांवर सगळीकडे मुळ्याचं चिन्ह. मोदक हवाच असेल तर क्योतोत गिओनला कामेया कियोनागा या दुकानात सेइजो कांकिदान मिळतं, मोदकाचाच वंशज, आत गोड सारण, बाहेरून तिळाच्या तेलात तळलेलं, वरचं तोंड पिशवीसारखं चुरगाळलेलं. दातांची काळजी घ्या, टणक आहे.

जुनी छत्री:
@आळशी मुंगी सहा वर्षं राहिले आणि हा मुळेवाला गणपती मला माहीत नव्हता! कबुतरांपासून इतक्या जवळ!

मेथीलाडू (परत आल्यावर):
आलो मंडळी. सगळं लिहायला बसले तर वेगळा धागा काढावा लागेल म्हणून थोडक्यात.

मोन्जा तीनदा खाल्लं. पहिल्यांदा मैत्रिणीने नेलं, पुढच्या दोन वेळा आम्हीच तिला ओढत नेलं. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी दाशीचं ठरवून टाकलं, सार चालेल तुकडा चालणार नाही, त्यानंतर त्याला सोबाचं असं काही वेड लागलं की विचारू नका, जेवण झाल्यावर सोबा उकळलेलं गरम पाणी लाकडी-लाल किटलीत आणून देतात, उरलेल्या साराच्या वाटीत घालून प्यायचं, तो म्हणतो हे कटाच्या आमटीचं शांत भावंड आहे. मी ऑक्टोपस खाल्ला. दोनदा चावून गप्प बसले.

सेन्तोला मी गेले, तो दारापर्यंत येऊन बाहेर दूध पीत बसला. काचेच्या बाटलीतलं कॉफीदूध.

आणि मुळा! मात्सुचियामाला चौघंही गेलो, मैत्रीण १० वर्षं तिथे राहून तिलाही माहीत नव्हतं. मुळे विकत घेऊन वाहिले, निघताना बघितलं तर आधी वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून न्यायला ठेवलेले, एक आम्हालाही मिळाला. भलामोठा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. तो घेऊन संध्याकाळच्या गर्दीत तोझाई लाईनने घरी, सगळा डबा शांत, कुणी बघत नव्हतं पण सगळ्यांनी बघितला असणार. शेवटच्या रात्री मैत्रिणीने त्याचीच भाजी केली आणि फ्रीझरमधल्या पोळ्या काढल्या, आणि खरं सांगते, आम्ही चौघांनी त्या १८ पोळ्या संपवल्या.

काकडीमाकी:
पाला होता का मुळ्याला? पाल्याची भाजी वेगळी करायची होती.